‘जाते’ नव्हे, ‘येते’

आपल्या मराठी घरांत एक जुनी रीत आहे. उंबरठा ओलांडताना कोणी ‘जातो’ असे म्हणत नाही. ‘येतो’ असेच म्हणतो. लहानपणी ‘जातो’ हा शब्द तोंडून निसटलाच, तर घरातील वडीलधारी बाई लगेच दटावीत असे आणि तो शब्द बदलून घेतल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू देत नसे. ‘रजा’ हा शब्दही असाच जपून वापरण्याचा आहे. तो आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि मुळात त्याचा अर्थ संमती असा होतो. पाहुणा जेव्हा ‘आता रजा घेतो’ म्हणतो, तेव्हा तो यजमानाची संमती मागत असतो. कचेरीतील रजेतही दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. कोणीतरी आपल्याला जाऊ दिले आहे, ही पहिली; आणि ठरल्या दिवशी आपण परत येणार आहोत, ही दुसरी. यांतील एक जरी गळून पडली, तरी ती रजा राहत नाही. पहिली गळाली तर ती गैरहजेरी होते आणि दुसरी गळाली तर तो कायमचा निरोप ठरतो.

हा शब्दविचार सुचण्यास कारण घडले ते आमच्या तरुण मुलामुलींमुळे. पूर्वी आमच्या धर्मग्रामांत सणाच्या आदल्या रात्री किंवा नाताळात नाटके होत. गावातील हौशी मंडळी महिनाभर तालमी करीत, चर्चच्या पटांगणात मंडप उभारला जाई आणि दुसऱ्या दिवशी राजाही कामावर जाई व प्रधानही. रंगभूमी ही हौस होती, पोटाचा धंदा नव्हे. आज काळ पालटला आहे. नाट्य, नृत्य, संगीत या विषयांत विद्यापीठाची रीतसर पदवी घेता येते आणि आमच्या घरांतील मुलेही त्या वाटेला लागली आहेत. त्यामुळे आईवडिलांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. मूल पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत असते आणि अचानक एखाद्या व्यावसायिक नाटकातील भूमिका चालून येते. तालमी महिनाभराच्या, पुढे प्रयोग आणि दौरे. शिक्षण अर्धे ठेवून जावे की न जावे?

इतर शाखांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. कायद्याच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला उच्च न्यायालयात खटला चालविण्यास कोणी बोलावीत नाही आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी कोणी देत नाही. रंगभूमीचे तसे नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीची भूमिका बहुधा त्याच वयाच्या आसपास करावयाची असते. ‘पदवी झाल्यावर या’ असे भूमिकेला सांगता येत नाही. हाक येते ती शिक्षणाच्या ऐन मध्यावर, आणि म्हणूनच तिला उत्तर देणे कठीण जाते.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न एका कुटुंबाच्या रूपाने माझ्या कार्यालयात येऊन बसला. मुलगी एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात दुसऱ्या वर्षाला होती. एकांकिका स्पर्धेत एका दिग्दर्शकाने तिचे काम पाहिले होते आणि नव्या नाटकात तिला दुसऱ्या क्रमांकाची भूमिका देऊ केली होती. वडील एस.टी.मध्ये वाहक. आई लग्नाआधी सणाच्या नाटकांतून कामे करीत असे. त्या दिवशी मात्र ती पदराशी चाळा करीत गप्प बसली होती.

वडिलांनी सुरुवातीलाच उधळ्या पुत्राचा दाखला दिला. “फादर, तुम्हीच दरवर्षी प्रवचनात सांगता ना? तो मुलगाही बापाला सांगून असाच निघून गेला होता.”

मी त्यांना म्हणालो, “तो मुलगा आपला वाटा घेऊन गेला होता, दादा. ही वाटा मागत नाही, वेळ मागते आहे.”

“वेळ गेली की पदवीही जाते, फादर. आधी पदवी पदरात पडू द्या, मग नाटक आहेच की. ते डॉक्टर लागू नाही का? आधी डॉक्टर झाले, मगच नट झाले.”

या युक्तिवादात तथ्य होते आणि आमच्या मराठी घरांत तो नेहमी ऐकू येतो. मराठी रंगभूमीला डॉक्टरांचा लाभ फार झाला आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. आफ्रिकेतही त्यांनी व्यवसाय केला आणि १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले. डॉ. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. या उदाहरणांमुळे ‘आधी पदवी, मग रंगभूमी’ हे सूत्र आपल्या मनांत पक्के रुतले आहे. परंतु एक भेद आपण विसरतो. या थोर मंडळींची पदवी एका क्षेत्रातील होती आणि कला दुसऱ्या क्षेत्रातील. पदवी हा त्यांचा आधार होता. नाटक त्यांना रंगभूमीनेच शिकविले. या मुलीची पदवी आणि तिला आलेली हाक एकाच क्षेत्रातील होती. जे शिकण्यासाठी ती वर्गात बसत होती, तेच करण्यासाठी तिला बोलावणे आले होते. त्यामुळे डॉक्टरांचे सूत्र तिला जसेच्या तसे लागू पडत नव्हते.

मग तिला कोणाचे उदाहरण लागू पडणार होते? मला त्या वेळी न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या विख्यात कलाविद्यालयातील तीन विद्यार्थी आठवले. या संस्थेची सुरुवात १९०५ साली संगीतशिक्षणाने झाली आणि १९६८ मध्ये जॉन हाउसमन यांच्या नेतृत्वाखाली तेथे नाट्यविभाग सुरू झाला.

पहिला विद्यार्थी क्रिस्टोफर रीव्ह. १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटामुळे त्याचा चेहरा आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. हा तरुण आधी कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. पहिल्या वर्षाच्या अखेरीसच नामवंत नटांची कामे पाहणाऱ्या एका प्रतिनिधीचे त्याला पत्र आले. त्याच वेळी शिक्षण सोडून न्यूयॉर्क गाठणे त्याला शक्य होते. परंतु दोघांनी विचारपूर्वक असे ठरविले की, त्याने महिन्यातून एकदा न्यूयॉर्कला येऊन निर्मात्यांना भेटावे आणि उन्हाळ्याच्या सुटीत व्यावसायिक नाटकांतून कामे करावीत. पुढे त्याने तीन महिन्यांची रजा घेऊन ब्रिटन व फ्रान्समधील नाट्यगृहे पालथी घातली आणि तो परत आला. १९७३ साली ज्युलियार्डमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा कॉर्नेलची पदवी अजून एक वर्ष दूर होती. त्याने आपल्या विद्यापीठाला विनंती केली की, ज्युलियार्डमधील पहिले वर्ष हेच आपले कॉर्नेलचे शेवटचे वर्ष मानावे. विद्यापीठाने ते मान्य केले आणि १९७४ साली त्याला कॉर्नेलची पदवी मिळाली. येथे रीव्हचे वेगळेपण अभिनयाइतकेच विचारण्यात आहे. प्रत्येक वळणावर त्याने कोणाची तरी संमती मागितली आणि ती त्याला मिळत गेली.

याच रीव्हच्या आयुष्यातील पुढचा प्रसंगही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. १९७६ च्या सुमारास तो एकाच वेळी दूरचित्रवाणीची दैनंदिन मालिका आणि कॅथरिन हेपबर्न यांच्याबरोबरचे व्यावसायिक नाटक अशी दोन्ही कामे करीत होता. जेवणास वेळ नाही म्हणून चॉकलेट आणि कॉफीवर दिवस काढीत होता. एका प्रयोगात रंगमंचावर येऊन पहिले वाक्य उच्चारताच तो भोवळ येऊन कोसळला. हेपबर्नबाईंनी प्रेक्षकांकडे वळून, हा मुलगा नीट जेवत नाही, असे तेथल्या तेथे सुनावले आणि त्याच्या बदली नटाने तो प्रयोग पार पाडला. व्यावसायिक रंगभूमी माणसाला काम देते; पण तो जेवला की नाही, झोपला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी तिने घेतलेली नसते.

दुसरा विद्यार्थी रॉबिन विल्यम्स, रीव्हचाच सहाध्यायी आणि मित्र. जगाला हसविणारा हा नट पदवी न घेताच १९७६ साली ज्युलियार्डमधून बाहेर पडला. परंतु तो पळून गेला नाही. खुद्द हाउसमन यांनीच त्याला सांगितले की, तुला शिकविण्यासारखे आता आमच्यापाशी काही उरलेले नाही. याला मी शिक्षण सोडणे म्हणणार नाही. गुरूने शिष्याला मोकळे केले, एवढेच म्हणेन. मात्र हे वाक्य गुरूच्या तोंडून यावे लागते. शिष्याने ते स्वतःच स्वतःला ऐकविले, तर त्याला किंमत राहत नाही.

तिसरी विद्यार्थिनी ऑड्रा मॅकडोनल्ड. ज्युलियार्डमध्ये ती पाश्चात्त्य अभिजात गायन शिकत होती. मन मात्र संगीतनाटकांकडे ओढ घेत होते. वर्ग आणि मन यांची ही ओढाताण तिला फार जड गेली. शिक्षण सुरू असतानाच ती थोडा काळ बाहेर पडली, ‘द सीक्रेट गार्डन’ या संगीतनाटकात तिने काम केले आणि ती परत आली. १९९३ साली तिने पदवी पूर्ण केली. दुसऱ्याच वर्षी ‘कॅरोसेल’मधील भूमिकेसाठी तिला अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. २०१४ पर्यंत अभिनयाचे असे सहा पुरस्कार तिच्या नावावर जमा झाले. त्यांतील दुसरा, १९९६ सालचा, ‘मास्टर क्लास’ या नाटकासाठी होता. मारिया कॅलास या महान गायिकेने १९७० च्या दशकाच्या आरंभी ज्युलियार्डमध्ये घेतलेल्या वर्गांवर ते नाटक आधारलेले आहे आणि त्यात मॅकडोनल्डची भूमिका होती शिकावयास आलेल्या एका विद्यार्थिनीची! ज्या वर्गात तिचा जीव कासावीस झाला होता, तोच वर्ग रंगमंचावर तिच्या कामी आला.

अशी ही तीन उदाहरणे. एकाने विचारून वाट काढली, दुसऱ्याला गुरूने मोकळे केले, तिसरी जाऊन परत आली. प्रतिभा तिघांपाशीही होती. केवळ प्रतिभेच्या बळावर निर्णय घ्यावयाचा असता, तर तिघांचा निर्णय एकच झाला असता. तो तसा झाला नाही, कारण प्रत्येकाच्या बाबतीत कोणीतरी शिक्षक किंवा संस्था त्या विद्यार्थ्याकडे नीट पाहत होती. आमच्या घरांत चर्चा होते ती मात्र एवढीच : ‘मुलीत खरेच गुण आहेत का?’ हा प्रश्न गैर नाही. तो अपुरा आहे. ‘ती गेली तर तिची जागा कोण राखील आणि परतण्याची तारीख कोणती?’ हे प्रश्न त्याला जोडून विचारले पाहिजेत.

आपल्या रंगभूमीच्या इतिहासाकडे पाहिले, तर हा प्रश्न नवा का आहे हेही ध्यानात येते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणून आपल्या नाटक मंडळीचा पाया घातला. १९०५ साली सतरा वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, त्याच मंडळीत दाखल झाले. त्या काळी नाटक कंपनी हेच बिऱ्हाड, तेच स्वयंपाकघर आणि तीच शाळा. लहान मुलांकडून गाणे बसवून घेतले जाई, उच्चार घोटून घेतले जात आणि पंगतीलाही ती सर्वांबरोबर बसत. कंपनीत गेलेला मुलगा शाळा सोडून दुसऱ्या शाळेत गेलेला असे. तेथील शिस्त आणि हालअपेष्टा कमी नव्हत्या. परंतु शिकविणे हे त्या व्यवस्थेचे अंग होते.

आजचे व्यावसायिक नाटक कंत्राटावर चालते. नटाला प्रत्येक प्रयोगाचे मानधन मिळते. त्याला ‘नाईट’ म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर काही नाही. प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी. आज दादरच्या शिवाजी मंदिरात, उद्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, परवा पुण्याच्या बालगंधर्वमध्ये. नाटक चालले तर वर्षभरात शेकडा गाठते, न चालले तर पंधरा-वीस प्रयोगांत पडदा कायमचा पडतो. मुख्य नट मालिकेत गुंतला आणि तारखा जुळेनाशा झाल्या, तर चालते नाटकही बंद पडते. दिग्दर्शक शिकवितो, नाही असे नाही. परंतु त्या नाटकापुरते. पुढल्या भूमिकेसाठी आवाज तयार करणे, शरीर घडविणे, वाचन वाढविणे यांचे दायित्व कोणावरच नसते. मार्च २०२० मध्ये महामारीने नाट्यगृहे बंद झाली. मध्यंतरी काही महिने अर्ध्या आसनांवर उघडून ती पुन्हा बंद पडली आणि पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्यांचे घर केवळ नाईटवर चालत होते, अशा कलावंतांनी आणि विशेषतः पडद्यामागील कामगारांनी तो काळ कसा काढला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा मुलीच्या वडिलांची भीती निराधार नव्हती. मुलीची अधीरताही खोटी नव्हती. दोघेही खरे बोलत होते.

अशा वेळी मला स्वतःच्या घडणीतील एक गोष्ट आठवली आणि तीच मी त्यांना सांगितली. धर्मगुरू होण्याचे शिक्षण दीर्घ असते. चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास मिळून किमान सहा पूर्ण वर्षांचा व्हावा लागतो. बहुतेक ठिकाणी या दोहोंच्या मध्ये विद्यार्थ्याला सेमिनरीबाहेर कामावर पाठवितात. येशूसंघीयांत हा काळ ‘रीजन्सी’ या नावाने ओळखला जातो आणि तो सामान्यतः दोन ते तीन वर्षांचा असतो. मलाही असे एक वर्ष मिळाले. एका आदिवासी भागातील वसतिगृहात पन्नास-साठ मुलांची देखरेख माझ्याकडे होती. पहाटे पाण्याची मोटर सुरू करणे, मुलांच्या खरजेवर मलम लावणे, तांदळाचा हिशेब ठेवणे आणि रात्री गणित शिकविणे, असा दिनक्रम. तत्त्वज्ञानाची पुस्तके ट्रंकेत पडून होती. परत येऊन जेव्हा ईशज्ञानाच्या वर्गात बसलो, तेव्हा प्राध्यापक जे सांगत होते ते प्रथमच माझ्या ओळखीच्या माणसांविषयी आहे असे वाटू लागले. दुःखाविषयीचा धडा सुरू झाला की, तापाने फणफणलेले एक विशिष्ट पोर डोळ्यांसमोर उभे राही. प्रश्न विचारणारा मी पूर्वी नव्हतो; त्या वर्षानंतर झालो.

आमच्या तुकडीतील काहीजण त्या वर्षानंतर परत आले नाहीत. आज ते शिक्षक आहेत, संसारी आहेत, समाजात मानाने वावरत आहेत. त्यांना कोणी पळपुटे म्हटले नाही. परंतु न परतण्याचा निर्णयही त्यांनी ठरलेली तारीख आल्यावर, वरिष्ठांसमोर बसून, बोलून घेतला. ते वर्ष मोकळे सुटण्याचे नव्हते. आमची खोली, आमची खुर्ची आणि आमचे नाव सेमिनरीत राखून ठेवलेले होते आणि याची जाणीव आम्हांला त्या वसतिगृहातही होत असे. जागा राखलेली असली की माणूस अधिक निर्भयपणे काम करतो, असा माझा अनुभव आहे.

माझे हे बोलणे ऐकून मुलीच्या वडिलांनी अगदी निराळाच प्रश्न विचारला. ते मुलीकडे वळून म्हणाले, “तू अर्ज दिलास का?”

ती गोंधळली. कॉलेजमध्ये तोंडी सांगितले होते, सर ‘बघू’ म्हणाले होते, एवढेच.

“एस.टी.त पंचवीस वर्षे काढली मी. अर्ज देऊन गेलेला माणूस रजेवर असतो. न देता गेलेला गैरहजर असतो. दोघेही घरीच बसलेले असतात. पण एकाला परत आल्यावर ड्यूटी मिळते आणि दुसऱ्याला चौकशीचे पत्र. बिनपगारी का होईना, पण रजा मंजूर करून घे. मग मी काही बोलणार नाही.”

आई त्या दिवशी प्रथमच बोलली. “अर्ज मी लिहून देऊ का? माझे अक्षर चांगले आहे,” असे म्हणून ती हसली.

प्रश्नाची गाठ सुटली ती अशी. माझ्या उदाहरणांपेक्षा एका वाहकाच्या सेवाज्ञानाने ती सोडविली, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. पुढील पंधरा दिवसांत त्या मुलीने विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला. किती कालावधीसाठी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या सत्रापासून परतणार, हे त्यात स्पष्ट लिहिले. विभागप्रमुखांनी तिला बसवून तास-दीड तास प्रश्न विचारले आणि एक वर्षाची संमती दिली. संहिता वाचून पाठविण्याची अट त्यांनी घातली. दर महिन्याला एक पत्र लिहून काय शिकलीस ते कळव, असेही सांगितले.

आमच्या पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी येथे नोंदवाव्याशा वाटतात. अलीकडे नियम पूर्वीपेक्षा अनुकूल झाले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय मान्य केलेली आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी, अशी रचना तीत आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी सुरू केली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तीत जमा राहतात आणि ते कमाल सात वर्षांपर्यंत वापरता येतात. परंतु प्रत्येक विद्यापीठाची अंमलबजावणी सारखी नाही. म्हणून आपल्या संस्थेचा नियम तोंडी न ऐकता लेखी पाहून घ्यावा. परतल्यावर अभ्यासक्रम बदललेला असल्यास कोणते विषय पुन्हा द्यावे लागतील, भरलेल्या शुल्काचे काय होईल, शिष्यवृत्ती खंडित होईल काय, वसतिगृहातील जागा राहील काय, हे चार प्रश्न तरी विचारावेत. निर्मात्याशी होणारा करारही कागदावर असावा. प्रत्येक प्रयोगाचे मानधन किती, तालमीच्या काळात काही मिळणार की नाही, दौऱ्यावर राहण्या-जेवणाची व्यवस्था कोणाची आणि मुलीला परतावयाचे असेल तेव्हा बदली कलावंत शोधण्यासाठी किती दिवस आधी कळवावयाचे, एवढे तरी त्यात असावे. कला मोठी असते म्हणून कागद छोटा मानू नये.

या कागदांखेरीज आणखी एका गोष्टीची तयारी घरी करावी लागते. जाण्यापेक्षा परतणे कठीण असते. जाताना टाळ्या असतात, वर्तमानपत्रात छायाचित्र असते, नातेवाईक कौतुकाने फोन करतात. परतताना हजेरीपट असतो. आपल्या बरोबरीचे पुढे गेलेले असतात आणि धाकट्यांच्या वर्गात बसावे लागते. ज्याने प्रेक्षकांनी भरलेले नाट्यगृह पाहिले आहे, त्याला सकाळी आठ वाजता श्वासाचे व्यायाम करणे अपमानास्पद वाटू शकते. त्या दिवसांत घरातून ‘कशाला गेली होतीस?’ हा प्रश्न आला, तर मूल कायमचे दुरावते. आईवडिलांचे खरे काम जाताना अडविण्याचे नाही, तसेच केवळ आशीर्वाद देण्याचेही नाही. मूल परत येईल तेव्हा त्याची जागा घरातही राखलेली असावी, हे त्यांचे काम आहे.

त्या मुलीचे नाटक फार चालले नाही. अठ्ठेचाळीस प्रयोग झाले. कोल्हापूरच्या दौऱ्यात एका दिवशी दोन प्रयोग होते. दुसऱ्या प्रयोगाच्या तिसऱ्या प्रवेशात तिचा आवाज बसला आणि उरलेली भूमिका तिने घोगऱ्या आवाजात कशीबशी पार पाडली. नंतर मुख्य नटाच्या तारखा मिळेनात आणि नाटक थांबले. दुसऱ्या एका निर्मात्याचे बोलावणे आले होते. तिने त्याला आपली परतण्याची तारीख सांगितली. तो थांबला नाही. ही हानी खरीच होती आणि तिला त्याचे वाईटही वाटले. माझ्यापाशी येऊन ती म्हणाली, “फादर, त्या भूमिकेत आता दुसरी मुलगी आहे. तिचे काम चांगले होते आहे असे ऐकते.” मी तिचे सांत्वन केले नाही. काही गोष्टींची किंमत मोजावी लागते आणि ती मोजताना दुखते. त्यावर गोड शब्दांची साखर पेरू नये, असे मला वाटते.

जूनमध्ये ती विभागात परतली. पहिल्या आठवड्यातच तिने आवाजाच्या शिक्षिकेला गाठले आणि कोल्हापूरचा प्रसंग सांगून, त्या दिवशी माझ्या गळ्यात नेमके काय झाले, ते मला शिकवा, अशी विनंती केली. दोन वर्षांपूर्वी याच तासाला ती मागच्या बाकावर बसून जांभया देत असे, हे तिनेच मला हसत हसत सांगितले. पुढे रीतसर पदवी मिळाली. आज ती नाटकांत कामे करते, शाळांतून नाट्यशिबिरे घेते आणि मधूनमधून रविवारच्या मिस्सेला वाचन करते. तिचा आवाज ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.

तिच्या वडिलांचे एक काम मात्र सांगावयाचे राहिले. रजा संपल्यावर कर्मचाऱ्याने ‘रुजू अहवाल’ द्यावयाचा असतो, हा त्यांच्या खात्याचा दंडक. मुलगी विभागात परतली त्या दिवशी त्यांनी तिच्याकडून तसा अहवाल लिहवून घेतला. विद्यापीठात असा कोणताही नमुना नव्हता आणि कोणी तो मागितलाही नव्हता. आईच्या वळणदार अक्षरात तो लिहिला गेला, मुलीने सही केली. तीन ओळींचा तो कागद विभागप्रमुखांनी दोनदा वाचला, त्यावर पोच दिली आणि तिच्या रजेच्या अर्जाला जोडून तो धारिकेत लावून ठेवला.